सांदवाडीतल्या दोन बॅटऱ्या

सिहोऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या मागच्या बाजूला एक खोली होती. खिडकी उंचावर, पंखा भिंतीत बसवलेला, आणि लाकडी चौथऱ्यावर दोन ओळींत मांडलेले काचेच्या बरण्यांसारखे चोवीस सेल. आत पाऊल टाकलं की नाकात आंबट झिणझिणी यायची. नवीन आलेला माणूस खोकत बाहेर पळायचा. वासुदेवराव गभण्यांनी त्या वासात एकतीस वर्षं काढली.

गावाला वाटायचं, फोन तारेवर चालतो. वासुदेवरावांना ठाऊक होतं की तो या चोवीस सेलवर चालतो. वीज आहे तोवर सेल भरत राहायचे, वीज गेली की त्यांच्या जोरावर सगळं एक्स्चेंज बोलत राहायचं. रोज सकाळी ते प्रत्येक सेलचं झाकण काढत, काचेच्या नळीनं आतलं पाणी ओढत आणि नळीतला तरंगता काटा कुठल्या आकड्यावर थांबतो ते पाहत. बाराशे असला की सेल भरलेला. अकराशे ऐंशी असला तर त्याच्याकडे लक्ष ठेवायचं. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टोकांना व्हॅसलीन चोळायचं, आकडे भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचे. अॅसिडचे थेंब उडून त्यांच्या सगळ्या शर्टांना पोटापाशी बारीक भोकं पडलेली असत. मनकर्णाबाई, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ती भोकं शिवायचं दुसऱ्याच वर्षी सोडून दिलं.

एका श्रावणात वादळानं विजेचे खांब आडवे केले आणि चार दिवस वीज आली नाही. जनरेटरचं डिझेल दीड दिवसात संपलं. तिसऱ्या दिवशी वासुदेवरावांनी आकडे पाहिले आणि ओळखलं की सगळ्या लायनी चालू ठेवल्या तर संध्याकाळपर्यंत एकही उरणार नाही. त्यांनी साहेबाची परवानगी घेऊन लायनी तोडायला सुरुवात केली. दवाखाना ठेवला, पोलीस चौकी ठेवली, तहसीलला जोडणारी ठेवली. बाकीच्या बंद. बंद झालेल्यांत त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याची राईस मिल होती. तो माणूस छत्री घेऊन एक्स्चेंजच्या दारात येऊन भांडून गेला आणि पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. पण चौथ्या दिवशी दवाखान्यातून तुमसरला फोन लागला, गाडी आली आणि एक अडलेली बाळंतीण वेळेत पोचली. वासुदेवराव ही गोष्ट फारशी कुणाला सांगत नसत. मनकर्णाबाई मात्र सांगत, आणि सांगताना नेहमी पुढचं वाक्य जोडत, "चार दिवस घरी आले नाई. मले वाटलं, हा मानूस वाहूनच गेला."

मग मोबाईल आले. घराघरातले फोन लोकांनी परत करायला सुरुवात केली. एक्स्चेंजमधली माणसं कमी होत गेली, आणि एक दिवस वासुदेवरावांनीही मुदतीआधी निवृत्ती घेतली. चोवीस सेल ट्रकमधून कुठंतरी गेले. ते ट्रकमध्ये चढवताना कुणी वासुदेवरावांना बोलावलं नाही, तरी ते गेले आणि ट्रकवाल्याला म्हणाले, "सरळ ठेवा बापा, आडवे नका करू." ट्रकवाल्यानं मान डोलावली आणि आडवे केले.

घरी येताना त्यांनी सोबत फक्त ती काचेची नळी आणली, लाकडी पेटीत कापसात गुंडाळलेली. ती संदुकीत गेली.

त्यानंतरची तीन वर्षं वाईट गेली असं नाही. दोन एकर धानाची बांधी होती, एक गाय होती, घरामागं ऐसपैस सांदवाडी होती आणि तिच्यात मनकर्णाबाईंनी लावलेली वांगी, वाल, पपई. पण माणसाच्या हाताला एका कामाची सवय झालेली असली की ते काम गेल्यावर हात चाचपडत राहतात. कुणाच्या घरी इन्व्हर्टर दिसला की वासुदेवराव वाकून त्याच्या बॅटरीकडे बघत आणि म्हणत, "पाणी टाकलं का हिच्यात?" लोक म्हणत, "आता त्याची गरज नाई राहत काका, नवीन टेक्निक आहे." एकदा दोनदा असं झाल्यावर त्यांनी विचारणं सोडून दिलं.

भुपेंद्र हा त्यांचा भाचा, त्या राईस मिलवाल्याचाच मुलगा. आई जाऊन आठ वर्षं झाली, वडीलही गेले, तेव्हापासून मामाचं घर हेच त्याचं गावाकडचं घर. तो आणि त्याची बायको शुभांगी दोघंही भंडाऱ्याला शाळेत शिकवत. दोघांना भटकायची हौस. सुट्टी लागली की तंबू घेऊन नागझिऱ्याकडे, कधी पेंचकडे. मग एका मे महिन्यात त्यांनी नागपूरच्या एका डॉक्टरकडून त्याचा जुना कॅम्पिंगचा ट्रेलर विकत घेतला. गाडीच्या मागं जोडायचा पांढरा डबा. आत दोन माणसांचा पलंग, खालून ओढला की आणखी दोघांची सोय, छोटी शेगडी, छोटा फ्रिज, पंखा, दिवे आणि छपरावर सोलर प्लेट.

भंडाऱ्याच्या फ्लॅटखाली तो ठेवायला जागा नव्हती. म्हणून उन्हाळी सुट्टीतल्या पहिल्या सहलीनंतर जूनच्या सुरुवातीला भुपेंद्र तो ओढत सिहोऱ्याला घेऊन आला आणि सांदवाडीत चिंचेखाली उभा केला.

"मामाजी, दिवाळीपर्यंत राहू द्या इथं. काहीच करायची गरज नाई. वर सोलर आहे, ते बॅटरी भरत राहते."

मग पाऊस आत जाऊ नये म्हणून त्यानं सगळ्या डब्यावर निळी ताडपत्री टाकली आणि दोऱ्यांनी कसून बांधली.

वासुदेवराव हात मागं बांधून बघत उभे होते. ताडपत्रीच्या खाली सोलरला ऊन कुठून लागणार, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण भुपेंद्र शिकलेला, सायन्स शिकवणारा. त्यांनी फक्त "हाव" म्हटलं आणि चहा प्यायला आत गेले.

चार महिने डबा तसाच उभा राहिला. रोवणा झाला, धान पोटरीला आलं, निसवलं. वासुदेवराव गाईला चारा टाकायला जाता-येता ताडपत्रीकडे बघत आणि पुढं जात.

दिवाळीच्या सुट्टीत भुपेंद्र आणि शुभांगी आले. ताडपत्री काढली, दार उघडलं, बटन दाबलं. दिवा लागला नाही. पंखा नाही, फ्रिज नाही. पलंगाखालच्या पेटीत दोन बॅटऱ्या होत्या. भुपेंद्रनं मीटर लावला तर बारा व्होल्टच्या जागी पाचही नव्हते. त्यानं सोबत आणलेला चार्जर जोडला, पण तो नुसता लाल दिवा मिचकावत राहिला. बॅटऱ्या इतक्या बसल्या होत्या की चार्जर त्यांना बॅटरी मानायलाच तयार नव्हता.

नागझिऱ्याची सहल गेली. शुभांगी ट्रेलरच्या पायरीवर बसून होती. "विकून टाकू हा डबा," ती भुपेंद्रला म्हणाली. "दर वेळी हेच होणार असेल तर आपला तंबूच बरा."

स्वयंपाकघरात मनकर्णाबाई अनारसे तळत होत्या. नवरा पाणी प्यायला आला तेव्हा त्यांनी झारा बाजूला ठेवला.

"अजी, तुमाले मालूम होतं नं, असं होईन म्हनून?"

"होतं."

"मंग बोलले काहून नाई?"

"मले कोनं विचारलं?"

"आनि एक्स्चेंजमधी कोन विचारत होतं तुमाले रोज?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "ते सेल का हाक मारत होते?"

वासुदेवरावांनी ग्लास न पिताच खाली ठेवला. मग ते सांदवाडीत गेले.

"शुभांगी बेटा, जरा बाजूला हो," ते म्हणाले, आणि गुडघे टेकून पेटीत वाकले. झाकणं उघडली. आतल्या प्लेटांवर राखेसारखा पांढरा थर चढलेला होता. "हे पाह्य. बॅटरी रिकामी करून तशीच ठेवली की असं मीठ बसते. सोलर ताडपत्रीखाली होतं, त्यानं काय भरलं नाई. आनि आत काहीतरी चालू आहे. थोडं थोडं करंट खाऊन राहिलं."

"सगळं बंद केलं होतं मामाजी," भुपेंद्र म्हणाला.

वासुदेवरावांनी शेगडीजवळ भिंतीवर बसवलेल्या, गॅस गळला की ओरडणाऱ्या डबीकडे बोट दाखवलं. "ते बंद होते का कधी?" मग गाण्यांच्या डेककडे. "त्याच्यात घड्याळ आहे. ते कशावर चालते?"

भुपेंद्र डेककडे वाकला.

"एवढंसंच खाते. पन चार महिने रोज खाल्लं."

शुभांगीनं विचारलं, "मामाजी, तुम्हाला हे सगळं येतं?"

"एकतीस वर्षं हेच केलं बेटा," वासुदेवराव म्हणाले. आणि त्यांना स्वतःलाच जरा नवल वाटलं, की हे वाक्य तोंडातून किती सहज निघालं.

त्या दिवशी संदुकीतली लाकडी पेटी बाहेर आली. त्यांनी माळ्यावरचा आपला जुना साधा चार्जर काढला. त्याला अक्कल नव्हती, म्हणून तो बॅटरी ओळखत बसत नसे, नुसता करंट ढकलत असे. दोन्ही बॅटऱ्या पडवीत उघड्यावर ठेवून त्यांनी अगदी हळू चार्जिंगला लावल्या. भुपेंद्र म्हणाला, जास्त करंट सोडा, लवकर होईल. ते म्हणाले, "उपाशी मानसाले एकदम पुरनपोळी देतेत का?" अकरा दिवस लागले. एक बॅटरी हळूहळू उठली, दुसरीचं एक घर, म्हणजे आतला एक सेल, मेलं ते मेलंच.

भुपेंद्रला वाटलं, मग उठलेली एक ठेवू आणि एकच नवी आणू. वासुदेवरावांनी साफ नकार दिला. जुनी आणि नवी एका जोडीत बांधली की जुनी नवीला ओढून खाली नेते. आणायच्या तर दोन्ही नव्या, एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यात बनलेल्या. भंडाऱ्याच्या दुकानात ते स्वतः गेले, दुकानदाराला सहा पेट्या फिरवायला लावून तळाचे शिक्के वाचले आणि जोडी निवडली. उठलेली जुनी त्यांच्या पडवीतल्या पंख्याला लागली.

दिवाळीची सुट्टी तर गेलीच होती. पण मे महिन्यात भुपेंद्र आणि शुभांगी पेंचला जाऊन आले आणि जूनमध्ये डबा पुन्हा सांदवाडीत आला. या वेळी तो चिंचेखाली नाही, गोठ्याच्या भिंतीला लागून उभा राहिला, कारण वासुदेवरावांना घरातून वायर आणायची होती. ताडपत्रीच्या जागी त्यांनी बांबूवर टिनाचं छप्पर उभं केलं. भुपेंद्रकडून नव्या प्रकारचा चार्जर मागवला. तो आधी बॅटरी भरतो आणि भरल्यावर फक्त गळेल तेवढंच देत राहतो. एक्स्चेंजमध्येही असंच असायचं. तिथं त्याला फ्लोट म्हणत. तोच शब्द वासुदेवरावांनी घरी आणला.

"फ्लोटवर आहे," ते अभिमानानं सांगत.

"म्हनजे?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"म्हनजे भरलेली आहे, आनि भरलेलीच राहीन."

गॅसची डबी आणि डेक यांना त्यांनी वेगळं बटन बसवलं. बॅटऱ्यांखाली लाकडी फळी घातली. टोकांवर हिरवट बुरशी दिसली की खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसायचं, कोरडं करायचं, व्हॅसलीन चोळायचं. दर पंधरा दिवसांनी काचेची नळी. एक्स्चेंजचे सेल बाराशेला भरत, या बॅटऱ्या बाराशे चाळीस-पन्नासला. आकडे कुठं लिहायचे हा प्रश्न त्यांनी गोठ्याच्या दारानं सोडवला. दाराच्या आतल्या बाजूला कोळशानं रेघा मारून तक्ता आखला आणि खडूनं भरायला लागले. गाय त्या दारावर अंग घासायची, तेवढा खालचा भाग पुसला जायचा, म्हणून तक्ता वरच्या अर्ध्यात सरकला.

भादव्यात एक दिवस तक्त्यानं त्यांना थांबवलं. साडेबाराशे, साडेबाराशे, आणि त्या दिवशी बाराशे पंचवीस. चार्जरचा हिरवा दिवा तर लागलेला होता. हिरवा म्हणजे सगळं ठीक, असं पुस्तकात लिहिलेलं. वासुदेवरावांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. आणखी थोडं कमी. त्यांनी चार्जरपासून वायर हातात धरली आणि बोटांनी चाचपत ट्रेलरच्या खाली सरपटत गेले. बांध्यांत पाणी भरलं की उंदीर कोरड्या जागी येतात, तसे ते ट्रेलरच्या तळाशी आले होते आणि त्यांनी वायर दोन ठिकाणी कुरतडली होती. चार्जर हिरवा दिवा लावून वायरच्या तुटक्या टोकापर्यंत करंट पोचवत होता आणि पुढं काहीच जात नव्हतं.

ते चिखलानं माखून बाहेर आले तेव्हा चेहरा असा फुलला होता की मनकर्णाबाईंनी विचारलं, "काय सापडलं? सोनं?"

"उंदीर," वासुदेवराव म्हणाले.

नवी वायर लोखंडी पाइपातून नेली. आठवड्यात आकडा पुन्हा साडेबाराशेवर आला.

त्या दिवाळीला भुपेंद्रनं दार उघडून बटन दाबलं आणि सगळे दिवे एकदम लागले. पंखा फिरला, फ्रिज गुणगुणायला लागला. शुभांगीनं टाळ्या वाजवल्या. मग ती पायरीवरून उतरली आणि वासुदेवरावांसमोर येऊन उभी राहिली.

"मामाजी, या वेळी तुम्ही आणि मामी चला आमच्यासोबत. कुठं जायचं ते तुम्ही सांगायचं."

"मी कायले?" ते म्हणाले. "मी आपला इथं बरा. धान कापायचं आहे, गाय आहे."

मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या. "मी येऊन राहिली," त्या म्हणाल्या. "मले पवनीले जायचं आहे."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

पवनी हे मनकर्णाबाईंचं माहेर. जिल्ह्याच्या एका टोकाला सिहोरा, दुसऱ्या टोकाला पवनी. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्या राहायला जात. नंतर नवऱ्याला खोली सोडून येता येईना, एकटीनं जायचं तर घर कोण बघणार. मग भाऊबीजेला सकाळच्या बसनं जायचं आणि संध्याकाळच्या बसनं परत, असं होऊ लागलं. धाकट्या भावानं, जागेश्वरनं, घर विकलं, तो दोन खोल्यांत भाड्यानं राहायला गेला, तेव्हापासून तर मुक्कामाचा प्रश्नच मिटला. जागेश्वरचे गुडघे गेल्यापासून तोही बहिणीकडे येऊ शकत नव्हता.

"नदीच्या काठानं तीन दिवस राहायचं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "भाऊबीजेले जागेश्वरले माझ्या घरी जेवाले बोलवायचं. हेच माझं घर." त्यांनी डब्याकडे हात केला. "तुमी तुमच्या बॅटरीले विचारा, यायचं का नाई ते."

शेजारच्या सुंदरबाईनं गाय सांभाळायचं कबूल केलं आणि पाडव्याच्या सकाळी चौघं निघाले. मनकर्णाबाईंनी पहाटे उठून बासुंदी आटवली होती, ती मोठ्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली. तुमसर, भंडारा करत दुपारी ते पवनीला पोचले. जागेश्वरच्या ओळखीच्या प्रविण नावाच्या शेतकऱ्यानं गावाबाहेर वैनगंगेच्या काठची आपली मोकळी जागा दिली होती. कापलेल्या धानाचे कडपे बाजूला पसरलेले, पलीकडे नदीचं पात्र. कोपऱ्यात पाण्याच्या मोटारीची खोली.

"मोटारीच्या खोलीतून वायर टाकून देऊ का काका?" प्रविणनं विचारलं. "लाइन आहे तिथं."

"गरज नाई," वासुदेवराव म्हणाले. "बॅटरी फुल आहे. तीन दिवस आरामात चालन."

पण दुपारनंतर आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसती राखाडी झाकोळ. सोलरच्या मीटरवर अगदीच बारीक आकडा. वासुदेवराव पलंगाच्या कडेला बसले आणि बॅटरीच्या मीटरकडे पाहत राहिले. बारा पॉइंट सात. शुभांगीनं पंखा लावला. बारा पॉइंट सहा. भुपेंद्रनं फोन चार्जिंगला लावला. मनकर्णाबाईंनी मिक्सरवर चटणी फिरवली तेव्हा आकडा जो खाली गेला तो बघून वासुदेवराव पलंगावरून उठलेच. मिक्सर थांबल्यावर तो परत वर आला, पण आधी होता तिथं नाही.

एकतीस वर्षांत त्यांनी बॅटरी कधी कुणाला सहज वापरू दिली नव्हती. बॅटरी म्हणजे अडीअडचणीची गोष्ट. ती भरलेली असली की गाव निश्चिंत. इथं मात्र चार माणसं हसत-खेळत ती रिकामी करत होती.

संध्याकाळी सगळे नदीवर गेले असताना ते पाय दुखण्याचं निमित्त करून मागं राहिले. त्यांनी पंखा बंद केला, जास्तीचा दिवा बंद केला आणि फ्रिज सगळ्यांत जास्त खातो म्हणून त्याचंही बटन खाली केलं. थंडी आहे, एवढ्यात काही बिघडत नाही, असं स्वतःला सांगितलं. रात्री जेवणं झाली, सगळे झोपले. सकाळी आकडा बारा पॉइंट पाच होता. त्यांना बरं वाटलं.

भाऊबीजेला दुपारी बाराच्या सुमारास जागेश्वर आला. प्रविणनं त्याला मोटारसायकलवरून आणलं, दोघांनी धरून पायरी चढवलं. मनकर्णाबाईंनी पाटावर बसवून ओवाळलं. एवढ्याशा डब्यात आरतीचं ताट फिरवायला जागा नव्हती, ते कपाटाला लागलं, सगळे हसले. मग पानं वाढली. पुऱ्या, वांग्याची भाजी, वरण. शेवटी मनकर्णाबाईंनी फ्रिज उघडला.

झाकण काढताच त्या थांबल्या. बासुंदीवर बुडबुडे आले होते. आंबट वास अख्ख्या डब्यात पसरला. फ्रिजचा दिवाही लागला नव्हता, ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बटनाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"तुमी बंद केलं?"

"काल संध्याकाळी," वासुदेवराव हळूच म्हणाले. "आभाळ होतं म्हनून. बॅटरी उतरून राहिली होती."

"आता भरून आहे का?"

"बारा पॉइंट पाच."

"वा," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी पळी त्यांच्या हातात दिली. "मंग ते बारा पॉइंट पाच वाढा माझ्या भावाले."

वासुदेवराव पळी धरून उभे होते, कान लाल झालेले. मग जागेश्वरच फुटला. असा हसला की त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. "भाटवे," तो खोकत बहिणीच्या नवऱ्याला म्हणाला, "लग्नाच्या वक्ताले आमच्या बापानं म्हटलं होतं, पोरगा लय जपनारा आहे म्हनून. एवढा असन हे नवतं सांगितलं!"

शुभांगी हसायला लागली, भुपेंद्र हसायला लागला. मनकर्णाबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी अनारशांचा डबा उघडला आणि भावाच्या पानात तीन वाढले, नवऱ्याच्या पानात एक.

जेवण झाल्यावर वासुदेवराव उठले, चपला घातल्या आणि बांधावरून चालत प्रविणकडे गेले. "बापू," ते म्हणाले, "ते वायर टाकून देतो म्हनला होतास नं. टाकतोस का आता?" कुणाकडं वीज मागायला जाण्याची ती त्यांच्या आयुष्यातली पहिली वेळ. प्रविणनं पाच मिनिटांत वायर आणून दिली. वासुदेवरावांनी चार्जर जोडला, फ्रिज चालू केला, पंखा चालू केला, आणि मनकर्णाबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मिक्सर लावायचा असन तर लावा."

"कायचा लावू? दूध नासून टाकलं सारं," आतून आवाज आला. पण तो आता हसरा होता.

दुपारभर बहीण-भाऊ पंख्याखाली बसून बोलत राहिले. कोणती चुलती कधी गेली, विकलेल्या घराच्या आंगणातलं सीताफळाचं झाड नव्या मालकानं ठेवलं की तोडलं, लहानपणी नदीच्या पुरात वाहून आलेली काकडी दोघांनी कशी वाटून खाल्ली. वासुदेवराव बाहेर खुर्चीत बसून ऐकत होते. बायको एवढं बोलते, हे त्यांना ठाऊक होतं. पण ती मुलीसारखी बोलते, ते त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. जागेश्वर जायला निघाला तेव्हा संध्याकाळ झाली होती. तो म्हणाला, "उद्या पुन्हा येतो." आणि आला.

तिसऱ्या दिवशी आभाळ मोकळं झालं. मनकर्णाबाई नवऱ्याला वैजेश्वराच्या घाटावर घेऊन गेल्या. कुठल्या पायरीवर त्या कपडे धूत, कुठल्या दगडावरून पाय घसरून कळशी वाहून गेली, सगळं दाखवलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि हा घाट त्यांनी नवऱ्याला कधी दाखवला नव्हता. वासुदेवराव पाण्यात पाय सोडून बसले. परत यायला दुपार टळली. ट्रेलरमध्ये शिरल्यावर मीटर पाहायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. भुपेंद्रनंच सांगितलं, "मामाजी, बॅटरी फुल झाली बघा."

"होईन नं," ते म्हणाले आणि आडवे झाले.

सिहोऱ्याला परतल्यावर डबा पुन्हा गोठ्याच्या भिंतीला उभा राहिला. वासुदेवरावांनी वायर जोडली, नळीनं आकडे पाहिले, दारावर लिहिले. एका बॅटरीच्या एका घरात पाणी दुसऱ्यांपेक्षा जरा कमी होतं. त्याच्यात त्यांनी थोडं पाणी घातलं.

याला आता दीड वर्ष होऊन गेलं. भुपेंद्रच्या शाळेतल्या एका मास्तरांनीही तसाच डबा घेतला आहे. तोही पावसाळ्यात वासुदेवरावांच्या सांदवाडीत उभा असतो, म्हणून मनकर्णाबाईंची वांगी आता घराच्या पुढच्या बाजूला गेली आहेत. गोठ्याच्या दारावर दोन तक्ते झाले आहेत. गावातले लोक इन्व्हर्टरचं काही बिघडलं की त्यांना बोलावतात, आणि ते आधी पाणी टाकलं का हेच विचारतात. उन्हाळ्यात चौघं नवेगावच्या तलावावर चार दिवस राहून आले. तिथं पहिल्याच दुपारी वासुदेवराव पंखा पूर्ण जोरात लावून झोपले आणि असे घोरले की शुभांगीला बाहेर झाडाखाली जाऊन बसावं लागलं.

गेल्या आठवड्यात मनकर्णाबाईंनी भुपेंद्रला स्वतःच फोन लावला. यंदा दिवाळीची सुट्टी किती दिवसांची आहे, हे त्यांना आत्तापासून जाणून घ्यायचं होतं.